हेडफोन भारी, तरी आवाज मेलेला, गुणगुण, टकटक: ॲम्प-डॅक बदलण्याआधी काय तपासायचं

महिन्या-दोन महिन्यांत एखादा फोन असा येतोच. कधी मेहुण्याचा, कधी गाण्याच्या क्लासमधल्या जुन्या मित्राचा. पैसे साठवून चांगला हेडफोन घेतलेला असतो आणि चार दिवसांत तोंड उतरलेलं असतं. आवाज पुरत नाही, नाहीतर मागे सारखं काहीतरी गुणगुणतंय, नाहीतर मधूनच टकटक होतंय. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "आता डॅक कुठला घेऊ?"

डॅक म्हणजे फोन-लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा, आणि ॲम्प म्हणजे त्या सिग्नलला ताकद देणारा. माझं म्हणणं असं, की डॅक हा या रांगेतला शेवटचा प्रश्न आहे. आधी तक्रार नेमकी कसली आहे ते कान देऊन ऐकायचं. मग आपल्या हेडफोनला किती व्होल्ट आणि किती करंट लागतो ते कागदावर काढायचं. त्यावरून ॲम्प ठरवायचा आणि उरलेल्या पैशांत डॅक बघायचा. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या टेबलावर मी तीन-तीन डबे पाहिलेत, आणि गुणगुण जिथल्या तिथे.

आवाज पुरत नाही

पहिली गोष्ट, तुम्ही काय ऐकताय ते बघा. आजच्या फिल्मी गाण्यांचं रेकॉर्डिंग दाबून दाबून मोठं केलेलं असतं. त्याची सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या जेमतेम ९-१० डेसिबल खाली असते. ख्यालाच्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये आलापाची सरासरी २५-३० डेसिबल खाली असू शकते, कारण पुढे तानेला आणि सम येताना तबल्याच्या थापेला जागा ठेवलेली असते. म्हणजे फिल्मी गाण्यावरून उठून विलंबितावर आलात की आवाज एकदम पंधरा-वीस डेसिबलने पडतो. हा बिघाड नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्याने नीट काम केल्याची ती खूण आहे.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जा. आवाजाला मर्यादा घालणारा पर्याय चालू आहे का? डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या तोंडाला लावायचा छोटा डॅक) वापरत असाल तर त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला आहे का? काही डोंगल अँड्रॉइड फोनला लावले की त्यांच्या आतला व्हॉल्यूम अर्ध्यावरच अडकतो आणि फोनची पट्टी मात्र पूर्ण भरलेली दिसते. तोच डोंगल लॅपटॉपला लावून बघा. तिथे आवाज मोठा आला तर डोंगलही ठीक आणि हेडफोनही ठीक.

एवढं करूनही आवाज पुरत नसेल तर आकडेमोड. घाबरू नका, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त घोळ ओममुळे होतो. ओम हे इम्पिडन्सचं माप, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. "३०० ओमचा आहे, म्हणजे दणकट ॲम्प लागणार" असं सगळे धरून चालतात. नुसत्या ओमवरून काही कळत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो ते, सोबत हवी. सेनहायझरचा एचडी ६५० घ्या. २००३ पासून लोक तो वापरतायत. इम्पिडन्स ३०० ओम आणि १ व्होल्टला १०३ डेसिबल. मी ११० डेसिबलचं शिखर धरतो. ऐकण्याची ही सरासरी पातळी नव्हे, तबल्याची थाप क्षणभर जिथवर उसळेल तिथवरची जागा. १०३ वरून ११० ला जायला ७ डेसिबल हवेत, म्हणजे व्होल्टेज २.२४ पट. २.२४ व्होल्ट भागिले ३०० ओम केलं की करंट साडेसात मिलिअँपिअर आणि पॉवर सुमारे १७ मिलिवॅट. झालं. एवढीच या ३०० ओमवाल्या हेडफोनची मागणी.

आता हायफायमॅनचा जुना एचई-६ घ्या. प्लेनर जातीचा, म्हणजे आत पातळ सपाट पडदा असलेला, इम्पिडन्स फक्त ५० ओम. आकडा बघून कुणालाही वाटेल की हा फोनवर सुद्धा वाजेल. पण त्याची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल आहे. त्याच ११० ला पोचायला २६.५ डेसिबल हवेत. त्याचे होतात साधारण ४५० मिलिवॅट, पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर. म्हणजे एचडी ६५० च्या सत्तावीस पट पॉवर! लोक हा हेडफोन सरळ स्पीकरच्या ॲम्पला जोडतात ते उगाच नाही.

खोक्यावरचा आकडा वाचायची एक युक्तीही सांगतो. "३२ ओमला ६० मिलिवॅट" असं लिहिलेलं असतं. ०.०६ गुणिले ३२, त्याचं वर्गमूळ म्हणजे १.३९ व्होल्ट. ३०० ओमचा हेडफोन लावलात तरी व्होल्टेज तेवढंच राहणार, पॉवर साडेसहा मिलिवॅटच्या आसपास उतरणार. एचडी ६५० वर हे १०६ डेसिबलच्या जवळ जातं. फिल्मी गाण्याला हे कान फुटेपर्यंत आहे, मंद आवाजातल्या रेकॉर्डिंगला थोडं तोकडं. अशा माणसाला मी छोटा ॲम्प घे म्हणून सांगतो. एचई-६ वाल्याने मात्र हा डबा हातात सुद्धा घेऊ नये.

एक विनंती याच ठिकाणी करून ठेवतो. ॲम्पची ताकद ही क्षणिक उसळीसाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुरक्षित मर्यादा घातली आहे ती ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. तीन डेसिबल वाढवले की वेळ निम्मा होतो. रात्री हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ॲम्प पुरेसा आहे, व्हॉल्यूम जास्त आहे.

आवाज पुरतो, पण बास फुगलेला किंवा वरचे सूर हरवलेले

इथे ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध, बघायचा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा हा चालू नियम आहे आणि बहुतेक वेळा पुरतो. डायनॅमिक, म्हणजे साध्या स्पीकरसारख्या घडणीच्या, हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६५० चाच खालच्या सुरांत, १०० हर्ट्झच्या अलीकडे, ५०० ओमच्या घरात चढतो. १२० ओम आउटपुट इम्पिडन्सचा व्हॉल्व्हचा ॲम्प लावलात तर त्या भागात एखादा डेसिबल जास्त येतो. तंबोऱ्याचा खर्ज भरदार वाटतो, आणि काहींना तेच आवडतं. मलाही कधीकधी आवडतं. पण तो त्या जोडीचा गुण आहे, रेकॉर्डिंगमधला नाही, हे डोक्यात असावं. प्लेनर हेडफोनचा इम्पिडन्स सपाट असतो, त्यामुळे सूर बदलत नाहीत. मात्र अशा ॲम्पची बरीचशी ताकद त्याच्या स्वतःच्याच रोधात जिरते. कानात घालायचे बॅलन्स्ड आर्मेचरवाले (इवल्याशा धातूच्या पातीवर चालणारे) इअरफोन याबाबतीत फारच नाजूक. १०-१२ ओमचा इअरफोन १० ओम आउटपुटच्या डब्याला लावला तर तो ओळखू येत नाही. त्याला १ ओमच्या आतलाच ॲम्प.

गुणगुण

हा भाग मी स्वतः भोगलाय, म्हणून जरा सविस्तर.

आम्ही मिरजेचे. इथे सतारमेकर गल्लीत तंबोरे घडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्याकडे इथेच घडलेल्या एका मर्दानी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग आहे, घरीच केलेलं, पेटीच्या काळी एक पट्टीला लावलेलं. हेडफोन-ॲम्पचा कुठलाही नवा जोड आला की मी आधी ते लावतो. गाणं ऐकताना माणूस बोलांत, तानेत रमतो, दोष सुटून जातात. तंबोऱ्यात लपायला जागाच नाही. जवारी (तारेचा झणझणता नाद) नीट उलगडते का, तार छेडल्यावरचा नाद किती वेळ ऐकू येतो आणि शेवटी कशात विरतो, हे सगळं समोर दिसतं.

एका रात्री नवा ॲम्प लावला आणि पंचम उतरलेला वाटला. पंचमाच्या तारेवर एक लाट येत होती, सेकंदाला चारेक वेळा. मी आधी फाइललाच दोष दिला. तीच फाइल फोनवर लावली तर पंचम स्वच्छ. परत ॲम्पवर आलो आणि फाइल थांबवली, तेव्हा कळलं. तंबोरा थांबला तरी एक बारीक सूर मागे चालूच होता. पेटी काढली आणि खालच्या सप्तकात चाचपडत गेलो. सूर पांढरी पाचच्या किंचित वर लागला.

तिथेच उलगडा झाला. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची पहिली मोठी पुनरावृत्ती १०० हर्ट्झ. खालची पांढरी पाच ९८ हर्ट्झवर असते. काळी एकच्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम येतो १०४ च्या आसपास. १०० आणि १०४ एकत्र वाजले की सेकंदाला चार लाटा. मी ज्याला उतरलेला पंचम समजत होतो तो महावितरणच्या विजेचा सूर होता.

तेव्हापासून कुणीही गुणगुणीची तक्रार केली की मी आधी सूर विचारतो. घरात पेटी असेल किंवा फोनवर सूर दाखवणारं ॲप असेल तर दोन मिनिटांत कळतं. सूर पांढरी पाचच्या जरा वर असेल, किंवा त्याच्या एक सप्तक खाली असेल, तर दोष विजेच्या वाटेने आलाय. तो डॅकच्या चिपमध्ये नाही आणि हजारोंचा नवा डॅक घेऊन जाणारही नाही.

माझ्याकडे काय झालं होतं ते सांगतो. लॅपटॉप थ्री पिन चार्जरवर, त्याला यूएसबीने डॅक, डॅकपासून आरसीए वायरने ॲम्प, आणि ॲम्पला स्वतःची थ्री पिन. म्हणजे ॲम्पला अर्थिंग दोन वाटांनी पोचलं, एकदा स्वतःच्या प्लगमधून आणि एकदा लॅपटॉपच्या चार्जरमधून यूएसबीच्या वायरीने. दोन प्लग दोन भिंतींवर होते. या दोन वाटांचा मिळून एक वेढा तयार होतो, त्यात थोडासा करंट फिरत राहतो आणि तोच कानात येतो. इंग्रजी पुस्तकांत याला ग्राउंड लूप म्हणतात.

तपासणी सोपी. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. गुणगुण त्याच क्षणी गेली तर वेढाच होता. माझी गेली. मग दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले, तेवढ्याने बरीच कमी झाली. उरलेली घालवायला लॅपटॉपऐवजी ऑप्टिकल आउटपुट असलेल्या यंत्रातून डॅकला आवाज दिला. ऑप्टिकलमध्ये काचेची किंवा प्लास्टिकची तार असते, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. वेढा तिथेच तुटतो.

यूएसबी आयसोलेटर नावाचा छोटा डबाही मिळतो. घेण्याआधी त्याचा वेग बघा. स्वस्तातले १२ मेगाबिटचे असतात आणि आजचे बहुतेक डॅक ४८० मेगाबिटवर बोलतात. १२ वाला लावला की डॅक एकतर सापडतच नाही किंवा त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ९६ किलोहर्ट्झच्या वर जात नाही. मग माणूस डॅक बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो.

याच्या बरोबर उलटाही प्रकार असतो, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत तोच जास्त. अर्थिंगच नसणं. लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोट हळूच फिरवलं तर मुंग्या आल्यासारखं वाटतं का? ॲम्पच्या धातूच्या डब्याला हात लावला की खरखर कमी होते आणि हात काढला की वाढते का? मग बोर्डला अर्थिंग पोचलेलं नाही, किंवा कुणीतरी थ्री पिनला टू पिनचा जोड लावून ठेवलाय. वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट दाखवतंय ते मीटरवर बघायला सांगा. एक-दोन व्होल्ट ठीक. पन्नास-साठ दाखवत असेल तर आधी ते काम करून घ्या, गाणं नंतर.

गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कापायचा सल्ला कुठेही ऐकलात तरी कृपा करून तसं करू नका. गुणगुण जाते हे खरं आहे. पण आतली एखादी वायर पत्र्याला टेकली की तो २३० व्होल्टचा डबा तुमच्या मांडीवर असतो आणि त्याची वायर तुमच्या डोक्याभोवती.

बारीक शिट्टीसारखा उंच सूर येत असेल, माऊस हलवला किंवा पान खाली सरकवलं की त्याचा ढंग बदलत असेल, तर तो यूएसबीचा. यूएसबीचे ठोके सेकंदाला १,००० आणि ८,००० वेळा पडतात, तेच झिरपून येतात. पोर्ट बदला, हब काढा, डॅकला वेगळी पॉवर देता येत असेल तर द्या. आणि पावसासारखा सलग "श्शऽऽ" येत असेल, गाणं थांबवलं तरी तसाच, तर ॲम्पचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते, जास्त आहे. कळ खालच्या गेनवर न्या. नाजूक इअरफोन दणकट ॲम्पला लावल्यावर हे होणारच.

टकटक आणि तुटक आवाज

सगळ्यात आधी वायर आणि जॅक. ६.३ मिलिमीटरचा जोड बोटांनी फिरवून बघा, हेडफोनच्या कपाजवळची पिन जरा हलवून बघा. त्या हालचालीबरोबर आवाज जातो-येतो असेल तर पुढचं काही वाचू नका.

तसं नसेल तर लॅपटॉपकडे वळा. डॅक थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. बफर, म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, वाढवा. बॅटरी वाचवणारी सेटिंग विंडोजमध्ये यूएसबी पोर्टला झोपवते, ती बंद करा. वायफाय बंद करून पाच मिनिटं ऐका. टकटक गेली तर वायफायचा ड्रायव्हर सगळ्यांची वाट अडवत होता. गाण्याचा पहिला अर्धा सेकंदच खाल्ला जात असेल तर तो बिघाड नाही. डॅक शांततेत झोपतो, किंवा ४४.१ किलोहर्ट्झवरून ४८ वर जाताना क्षणभर तोंड मिटतो. सॅम्पल रेट एका आकड्यावर बांधून ठेवला की बहुतेकदा थांबतं.

डावीकडे कमी, उजवीकडे जास्त

हेडफोन उलटा घाला. कमी आवाज त्याच कानाला राहिला तर दोष यंत्रात नाही, कानात आहे. दुसऱ्या कानाला गेला तर हेडफोन किंवा ॲम्प, तोच हेडफोन दुसऱ्या यंत्रावर लावून बघा. रात्री हळू आवाजात ऐकतानाच हे होत असेल, तर व्हॉल्यूम कंट्रोल. साध्या बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागात दोन्ही बाजू जुळत नाहीत, चांगल्या प्रतीच्या बटणातही थोडा फरक असतोच. गेन कमी करा, कॉम्प्युटरवरचा व्हॉल्यूम १०-१५ डेसिबल उतरवा आणि बटण घड्याळाच्या काट्यासारखं दहा-अकरा वाजेपर्यंत फिरवा. २४ बिटच्या डॅकमध्ये एवढं उतरवून काही हरवत नाही.

बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या उणे तारा वेगळ्या असलेल्या, जोडणीबद्दल एकच सूचना. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून साध्या ३.५ किंवा ६.३ वर नेणारा जोड कधीही लावू नका. त्यात डाव्या-उजव्या बाजूच्या उणे तारा एकमेकांना भिडतात आणि ॲम्पचं आउटपुट जळू शकतं. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड वायरचा हेडफोन साध्या ॲम्पवर, चालतो.

आणि डॅक

सीडी १६ बिटची. तिचा आवाका ९६ डेसिबलचा. घरातली शांत खोली सुद्धा २५-३० डेसिबलची असते. आजचा नीट बनवलेला साधा डॅक हा आवाका आरामात ओलांडतो. म्हणून मी डॅकमध्ये तीनच गोष्टी बघतो. ॲम्पला द्यायला साधारण २ व्होल्ट आउटपुट, ऑप्टिकल इनपुट आणि आपल्या फोन-लॅपटॉपशी बिनतक्रार जुळणं. चिप कुठली आहे हे मी शेवटी विचारतो, आणि बहुधा विचारतही नाही.

मागच्या दिवाळीला मेहुणा आला तो दोन डॅक घेऊनच. एक त्याचा जुना, एक मित्राकडून मागून आणलेला, किमतीत दहा पटींचा फरक. "दाजी, ऐकाच. पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "आधी मीटर आण."

५० हर्ट्झचा सलग सूर वाजवला. साधा मल्टिमीटर ५० वरच खरा बोलतो. ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजले. महागड्या डॅकवर ०.५६, जुन्यावर ०.५०. एवढ्या फरकाने एक डेसिबल होतो, आणि एका डेसिबलचा कान "मोठा आवाज" असा अर्थ लावत नाही, "स्वच्छ आवाज" असा लावतो. कॉम्प्युटरवरून दोन्ही ०.५० वर आणले, त्याला पाठमोरं बसवलं आणि तंबोरा, मग ख्याल, मग त्याच्या आवडीचं गाणं. मी वायरी बदलत होतो, तो नाव सांगत होता. दहापैकी पाच बरोबर. परत दहा केले. सहा.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दाजी, माझा हेडफोन पण मोजूया ना. किती व्होल्ट लागतात त्याला?" मोजले. त्याचा हेडफोन प्लेनर, मध्यम भुकेचा, ११० साठी अडीच व्होल्ट मागणारा. त्याचा डोंगल १ व्होल्टचा. मित्राचा डॅक त्याने दुसऱ्याच दिवशी परत केला आणि ३२ ओमला अर्धा वॅट देणारा साधा ॲम्प घेतला. विलंबित आता त्याला बटण दोन वाजेपर्यंत न पिळता ऐकता येतं.